उजवी शिफ्ट

कीबोर्डच्या रिव्ह्यूंमध्ये उजव्या शिफ्टबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. डाव्या शिफ्टबद्दल बोलतात, कारण गेम खेळताना करंगळी तिच्यावर असते. स्पेसबारचा आवाज माईक लावून ऐकवतात. लाईटचे पॅटर्न एकामागून एक दाखवतात. उजवी शिफ्ट मात्र कोपऱ्यात पडून असते. इंग्रजी टाईप करणाऱ्या कित्येकांचं तिच्यावाचून अडत नाही. सगळी कॅपिटल अक्षरं ते डाव्या शिफ्टनेच काढतात.

माझं अडतं. मी इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिते. तिथे जवळजवळ सगळे स्वर डाव्या हाताला आहेत आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. नुसतं बटण दाबलं की मात्रा येते, शिफ्टबरोबर दाबलं की आख्खा स्वर येतो. 'ई' अक्षराच्या बटणावर काना आहे, शिफ्ट धरली की 'आ'. डावा हात स्वर दाबणार म्हटल्यावर शिफ्ट उजव्या हातानेच धरायची. म्हणजे 'आहे' लिहायचं तर उजवी शिफ्ट हवी. 'आई' लिहायचं तर दोनदा हवी. आता मराठीत 'आहे' न लिहिता माणूस किती वाक्यं काढणार?

हे सगळं मला कळलं ते गेमिंगसाठी छोटा मेकॅनिकल कीबोर्ड शोधायला लागल्यावर. त्याआधी चार वर्षं मी रोज उजवी शिफ्ट दाबत होते, पण दाबते आहे हे माहीत नव्हतं.

*

आधी परिस्थिती सांगते. धनकवडीत आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, त्याला चिकटून माझं टेबल आणि टेबलापासून चार फुटांवर बाबांचा पलंग. बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. पहाटेची ड्युटी असली की साडेतीनला उठतात, म्हणून रात्री नऊला झोपतात. मी दिवसा सबटायटल आणि टायपिंगची कामं करते आणि रात्री दहानंतर व्हॅलोरंट खेळते, कधी काउंटर-स्ट्राईक. टीममध्ये कोल्हापूरचा मामेभाऊ आणि कॉलेजच्या तीन मैत्रिणी. सगळे रिकामे होतात तेच दहाला.

म्हणजे एकच कीबोर्ड, एकच टेबल, एकच खोली. दिवसा त्यावर पैसे कमवायचे आणि रात्री त्यावर खेळायचं, तेही चाळीस-पंचेचाळीस प्रवासी घेऊन पहाटे घाट उतरणारा माणूस चार फुटांवर झोपलेला असताना. ड्रायव्हरची झोप ही आमच्या घरात गंमतीची गोष्ट नाही. बाबा झोपले की आई कुकरसुद्धा लावत नाही.

आधीचा कीबोर्ड कॉम्प्युटर असेंबल केला तेव्हा त्याच्यासोबत आलेला, साधा मेंब्रेनचा, १०४ बटणांचा. त्यात प्रत्येक बटणाखाली रबराचा घुमट असतो. तो पूर्ण दाबून तळाला टेकवला तरच अक्षर उमटतं. शिवाय बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यात जोडलेली असतात. विशिष्ट तीन बटणं एकदम दाबली की चौथंही दाबलं गेल्याचा भास सर्किटला होऊ शकतो. तो टाळायला स्वस्त कीबोर्ड तिसरं बटण सरळ नाकारतात. लेख लिहिताना हे कधी जाणवत नाही. पण पुढे पळत, डावीकडे सरकत, उडी मारायची वेळ येते तेव्हा तीन-चार बटणं एकदम लागतात, आणि उडी होतच नाही. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो. साधारण अर्ध्या वाटेवर, दोन मिलीमीटर खाली गेलं की काम झालं. आणि गेमिंगच्या बहुतेक बोर्डांत प्रत्येक बटणाला डायोड असतो, त्यामुळे कितीही बटणं एकदम दाबा, सगळी मोजली जातात.

मेकॅनिकल घ्यायचा हे ठरलेलं होतं. बजेट साडेचार हजार. प्रश्न होता किती छोटा.

*

छोटा का, याचं उत्तर दिसण्यात नाही, माऊसमध्ये आहे.

नेमबाजीच्या गेममध्ये माऊसची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवायची असते. हात जास्त हलतो, पण नेम बारीक धरता येतो. माझ्या सेटिंगला गेममध्ये पूर्ण गोल फिरायला माऊस चाळीस सेंटिमीटर सरकवावा लागतो. मागून कोणी आलं तर अर्धा गोल, म्हणजे वीस सेंटिमीटर. माझं टेबल ऐंशी सेंटिमीटर रुंद. डाव्या बाजूला मशीन, उजव्या बाजूला भिंत. जुना कीबोर्ड चव्वेचाळीस सेंटिमीटरचा. उरले छत्तीस. मधोमध माऊस ठेवला तर दोन्हीकडे अठरा-अठरा. मागून आलेल्या माणसाकडे पूर्ण वळायच्या आत माझी बोटं भिंतीवर आपटायची.

कीबोर्डचा हिशोब सोपा आहे. एका बटणाची जागा १९.०५ मिलीमीटर. जवळजवळ सगळ्या मेकॅनिकल कीबोर्डांत तेवढीच. पूर्ण कीबोर्ड साडेबावीस बटणं रुंद असतो, म्हणजे साधारण त्रेचाळीस सेंटिमीटर, वर कडा. उजवीकडचा आकड्यांचा ठोकळा काढला की सव्वाअठरा बटणं उरतात. याला टेनकीलेस म्हणतात, बटणं सत्त्याऐंशी. अजून आवळला, मधल्या मोकळ्या जागा काढल्या की पंच्याहत्तर टक्के. एफ-वन ते एफ-ट्वेल्व्हची ओळ काढली पण बाण ठेवले की पासष्ट टक्के, बटणं बहुधा अडुसष्ट, रुंदी सोळा. बाणही काढले की साठ टक्के, बटणं एकसष्ट, रुंदी पंधरा. आणि आकड्यांची ओळसुद्धा काढली की चाळीस टक्के. हे टक्के कोणी काटेकोर मोजलेले नाहीत, बाजारात रूढ झालेली नावं आहेत.

गेमसाठी एवढ्यातलं किती लागतं? मी एकदा बसून मोजलं. चालायला चार, उडीला स्पेस, वाकायला कंट्रोल, हळू चालायला शिफ्ट, हत्यारांचे आकडे, पॉवरची चार, रीलोड, खरेदी, स्कोअर बघायला टॅब. विसाच्या आसपास. सगळी डावीकडे. उजवा हात माऊसवर असल्यामुळे कीबोर्डचा उजवा अर्धा भाग खेळताना नुसता जागा अडवून बसलेला असतो. काही प्रोफेशनल खेळाडू तर कीबोर्ड तिरका, जवळजवळ उभा ठेवून खेळतात, तेही माऊसला जागा मिळावी म्हणून.

चालायची ही चार बटणं, डब्ल्यू-ए-एस-डी, तीसुद्धा पहिल्यापासून ठरलेली नव्हती. जुन्या गेममध्ये लोक बाणांनी चालायचे. माऊसने बघायचं आणि डाव्या हाताने चालायचं ही पद्धत 'क्वेक'च्या काळात पसरली. डेनिस फाँग ऊर्फ थ्रेश नावाच्या खेळाडूला तिचं बरंच श्रेय दिलं जातं. १९९७ साली त्याने क्वेकची स्पर्धा जिंकून गेमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची फेरारी बक्षीस मिळवली. अशा माणसाची बटणं जगाने उचलली तर त्यात नवल नाही.

आता गंमत बघा. इनस्क्रिप्टमध्ये हीच चार बटणं म्हणजे दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि हलन्त. खेळताना माझा हात ज्या चार बटणांवर मुक्कामाला असतो, तिथे मराठीतली एकही पूर्ण अक्षरं नाहीत, नुसती अक्षरांना लागणारी चिन्हं आहेत. डी दाबलं की गेममध्ये मी उजवीकडे पाऊल टाकते, आणि मराठीत अक्षराचा पाय मोडते.

*

गेमच्या हिशोबाने साठ टक्केवाला बोर्ड पुरला असता. मामेभावाकडे तोच आहे. "ताई, साठ घे, डोळे झाकून," असं त्याचं म्हणणं. पण तो मराठी रोमनमध्ये लिहितो, तेही फोनवर.

मी एक कागद घेतला आणि प्रत्येक साईजपुढे मराठीत काय काय जातं ते लिहिलं.

चाळीस टक्के. आकड्यांची ओळ नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून पाचवर ज्ञ, सहावर त्र, सातवर क्ष, आठवर श्र आहे. ते हलन्त घालून वेगळ्या रस्त्याने काढता येतात, पण 'ड' कुठून आणणार? तो चौकोनी कंसाच्या बटणावर आहे, आणि चाळीसमध्ये बहुधा ते बटणच नसतं. 'ड' एफएन बटणाच्या मागे लपवून 'धनकवडी' लिहायची माझी तयारी नव्हती.

साठ टक्के. सगळी अक्षरं जागेवर. उजवी शिफ्ट चांगली लांब, पावणेतीन बटणांची. डाव्या वरच्या कोपऱ्यात एस्केप येतं आणि तिथलं लाटेसारख्या चिन्हाचं बटण एफएनमागे जातं. मराठीत त्याचं काम पडत नाही. काउंटर-स्ट्राईकमध्ये कन्सोल उघडायला तेच लागतं, पण ते दुसऱ्या बटणावर नेता येतं. मग अडचण कुठे? बाण नाहीत. बाण हवेत तर एफएन धरा आणि दुसरं काहीतरी दाबा.

इथे मी बरेच दिवस अडले. कारण मराठी दुरुस्त करण्याची पद्धतच वेगळी आहे. समजा 'कि' लिहिलंय आणि 'की' हवंय. इंग्रजीत चुकीच्या अक्षराच्या अलीकडे या नाहीतर पलीकडे या, डिलीट मारा नाहीतर बॅकस्पेस, एकच. मराठीत बहुतेक प्रोग्रॅममध्ये तसं नसतं. अक्षराच्या अलीकडे उभं राहून डिलीट मारलं तर वेलांटीसकट आख्खं अक्षर जातं. पलीकडे उभं राहून बॅकस्पेस मारलं तर फक्त वेलांटी निघते आणि 'क' जागेवर राहतो. म्हणून शुद्धलेखन तपासताना कर्सर अगदी बरोबर अक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायचा असतो. माऊसने ते नीट जमत नाही, मात्रा आणि जोडाक्षरांच्या मध्ये कर्सर नेमका कुठे पडला हे दिसत नाही. बाणानेच जावं लागतं. एका सबटायटलच्या फाईलमध्ये पहिली-दुसरी वेलांटी आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार शेकड्याने दुरुस्त करायचे असतात. तेवढ्या वेळा एफएन धरायचं म्हणजे करंगळीची नोकरीच.

यावर चौसष्ट बटणांचा एक प्रकार निघालाय. साठ टक्क्यांच्याच मापात बाण कोंबलेले असतात. फोटोत एकदम परफेक्ट दिसतो. बाण बसवायला जागा कोणाची घेतली? उजव्या शिफ्टची. ती एका बटणाएवढी, १९ मिलीमीटरची उरते, आणि तिच्या शेजारी वरचा बाण. 'आहे' लिहायला करंगळी गेली आणि जराशी घसरली की कर्सर वरच्या ओळीत. काही मॉडेल्समध्ये तिरक्या रेघेचं बटणही बाणाबरोबर वाटून घेतात. इनस्क्रिप्टचा 'य' तिथे राहतो.

पासष्ट टक्के. बाण आहेत, डिलीट आहे, उजवी शिफ्ट पावणेदोन बटणांची, म्हणजे साधारण तेहतीस मिलीमीटर. साठ टक्क्यांपेक्षा रुंदी फक्त एका बटणाने जास्त, दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. कडा धरून बोर्ड बत्तीस सेंटिमीटरचा. ऐंशीतून बत्तीस गेले, उरले अठ्ठेचाळीस. मधोमध माऊस, दोन्हीकडे चोवीस. अर्धा गोल वीस. चार सेंटिमीटर शिल्लक.

कागदावर पासष्टभोवती गोल केला.

*

छोट्या कीबोर्डची गोष्ट गेमिंगपेक्षा जुनी आहे. एइची वादा नावाचे जपानी संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांना दर कॉम्प्युटरबरोबर बदलणाऱ्या कीबोर्डांचा कंटाळा आलेला. कंट्रोलचं बटण आज इथे, उद्या तिथे. त्यांच्या कल्पनेतून १९९६ साली पीएफयू कंपनीने 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' काढला: साठेक बटणं, बाण नाहीत, कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल. वादांनी त्यासाठी अमेरिकेतल्या काऊबॉयचा दाखला दिला होता. वाळवंटात घोडा मेला तर काऊबॉय घोडा तिथेच सोडतो, पण खोगीर खांद्यावर टाकून चालू लागतो. कॉम्प्युटर म्हणजे घोडा, येईल जाईल. कीबोर्ड म्हणजे खोगीर.

ही गोष्ट मी बाबांना सांगितली. त्यांना ती सांगायची गरज नव्हती. एसटीच्या ड्रायव्हरला रोज एकच गाडी मिळते असं नाही. डेपोत जी मिळेल ती घेऊन निघायचं. पण बाबांची एक उशी आहे, आईने शिवलेली, निळ्या रेक्झिनची, पाठीला लावायची. ती रोज पिशवीतून जाते आणि रोज घरी येते. गाडी कोणतीही असली तरी पाठीला उशी तीच असते.

"मग हे तुझं खोगीर," बाबा म्हणाले. "घे. पण रात्री वाजायला नको."

*

आवाजाचा प्रश्न स्विचचा. मेकॅनिकल स्विचचे ढोबळ तीन प्रकार. लिनिअर, म्हणजे सरळ खाली जाणारा. टॅक्टाईल, म्हणजे मध्ये बोटाला हलकासा खड्डा लागल्यासारखं वाटणारा. आणि क्लिकी, म्हणजे खड्डा आणि वर टिक असा आवाज. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात एमएक्स स्विच आणले आणि त्यांच्या रंगांची भाषा सगळ्यांनी उचलली: लाल लिनिअर, तपकिरी टॅक्टाईल, निळा क्लिकी. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच बनवायला सुरुवात केली आणि मेकॅनिकल कीबोर्ड आपल्या बजेटमध्ये आला.

मी एक स्विच टेस्टर मागवला. छोटीशी पट्टी, तिच्यावर नऊ वेगवेगळे स्विच. घरात सगळ्यांना दाबून बघायला दिला. आईने सगळे एकदा दाबले आणि मशीनवर जाऊन बसली. बाबा मात्र निळ्यावर थांबले. टिक, टिक, टिक.

"हा बघ. हा टायपिंगसारखा आहे."

बाबा नोकरीला लागायच्या आधी टायपिंगच्या क्लासला जायचे. मराठी तीस पास आहेत. क्लार्क व्हायचं होतं, झाले ड्रायव्हर. टाईपरायटरचा विषय आमच्याकडे फारसा निघत नाही. त्या दिवशी निघाला. मी त्यांना माझ्या कॉम्प्युटरवर बसवलं. त्यांनी 'शिवाजीनगर' लिहायला घेतलं आणि आधी वेलांटी शोधली, कारण टाईपरायटरवर जसं दिसतं तसं लिहायचं असतं, वेलांटी आधी, मग 'श'. इनस्क्रिप्टमध्ये जसं बोलतो तसं, आधी 'श', मग वेलांटी. स्क्रीनवर तुटक वर्तुळाला लटकलेली वेलांटी आली. बाबा हसले आणि पुन्हा टेस्टरकडे वळले.

"ह्यातला लाल का आवडतो तुला? ह्याला तर काहीच कळत नाही. आवाज नसेल तर बटण लागलं हे समजायचं कसं?"

"स्क्रीनवर अक्षर येतं ना बाबा."

"म्हणजे दर वेळी वर बघायचं? आम्हाला सर कागदावरून नजर हलवू द्यायचे नाहीत. कानाने कळायचं, अक्षर बसलं की नाही."

मला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. न बघता टाईप करणाऱ्याला हाताने किंवा कानाने कळावं लागतं. निळ्या स्विचची टिक हा शो नाही, ती पोचपावती आहे. मी सबटायटल करते तेव्हा माझीही नजर व्हिडिओवर असते. खरं सांगायचं तर माझ्या दिवसाच्या कामाला निळाच चांगला होता.

बाबांनी अजून दोन-चारदा टिक टिक केलं. मग टेस्टर टेबलावर ठेवला. "रात्री खेळणार असशील तर हा नको," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी आवाजाच्या मागे लागले. टिक काढून टाकली तरी कीबोर्ड गप्प होत नाही. बटण तळाला आपटतं तो एक आवाज. सोडल्यावर वर येऊन आपटतं तो दुसरा. आणि स्पेसबार, एंटर, शिफ्ट अशा लांब बटणांखाली तोल सांभाळायला तारेचा स्टॅबिलायझर असतो, त्याची खडखड तिसरा. रात्री सगळ्यात जास्त वाजतो तो स्पेसबार, कारण गेममध्ये उडी त्यावर असते. सायलेंट लिनिअर नावाचे स्विच मिळतात. त्यांच्या दांडीला वर-खाली रबराचे छोटे तुकडे असतात, त्यामुळे दोन्ही आपटणी मऊ होतात. बोटाला किंचित गिळगिळीत लागतात, खोटं कशाला बोलू. पण चार फुटांवर ऐकू येत नाहीत.

म्हणून पुढची अट ठरली: बोर्ड हॉट-स्वॅप हवा. म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपटून दुसरे बसवता येतात. स्वस्त बोर्डाबरोबर सायलेंट स्विच सहसा येत नाहीत. बोर्ड वेगळा, स्विच वेगळे.

*

शेवटच्या आठवड्यात मामेभावाने नवा मुद्दा काढला. "ताई, मेकॅनिकल जुना झाला. मॅग्नेटिक घे. रँक वाढेल."

तो म्हणतो त्यात तथ्य आहे. साध्या स्विचमध्ये बटण कुठे लागतं आणि कुठे सुटतं हे ठरलेलं असतं. चुंबकाच्या स्विचमध्ये, ज्याला हॉल इफेक्ट म्हणतात, बटण किती खाली आहे हे सतत मोजलं जातं. बोट मिलीमीटरचा दहावा भाग जरी वर उचललं तरी बटण सुटलं असं धरता येतं. याला रॅपिड ट्रिगर म्हणतात, आणि नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने ते गाजवलं. असल्या गेममध्ये नेम लागायला पळणं थांबवावं लागतं. डावीकडे पळताना उजवीकडचं बटण क्षणभर दाबून ब्रेक मारायचा असतो. बटण लवकर सुटलं तर ब्रेक लवकर लागतो. २०२४ मध्ये काही कंपन्यांनी याच्याही पुढे जाऊन दोन्ही दिशांची बटणं दाबलेली असताना शेवटचं कोणतं ते कीबोर्डनेच ठरवायची सोय काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्वने काउंटर-स्ट्राईक २ मध्ये अशा सोयीला बंदी घातली. जे काम बोटांनी शिकायचं ते बटणाने करायचं नाही, असा त्याचा साधा अर्थ.

रॅपिड ट्रिगरवर बंदी नाही, आणि स्वस्त मॅग्नेटिक बोर्डही आता मिळतात. मी दोन रात्री विचार केला. एक तर माझ्या बजेटमध्ये जे मॅग्नेटिक दिसत होते त्यांचे स्विच मोठ्याने वाजणारे होते आणि त्यात माझे सायलेंट बसणार नव्हते. दुसरं, मी कुठे हरते हे मला माहीत आहे. बाबा झोपलेले असतात म्हणून मी माईक लावत नाही. "मागून येतायत" हे ओरडून सांगायच्या ऐवजी मी मॅपवर खूण करते, राऊंड संपल्यावर दोन शब्द टाईप करते. माझ्या टीमला त्याची किंमत मोजावी लागते. माझी मैत्रीण सुरुवातीला "बोल ना गं" म्हणायची, आता म्हणत नाही. ती माझ्या खुणा वाचायला शिकली. न बोलण्यात जी सेकंदं जातात त्यापुढे मिलीमीटरचा दहावा भाग कुठेच लागत नाही. रँक वाढवायची असेल तर मला वेगळी खोली हवी, वेगळा कीबोर्ड नाही. ती साडेचार हजारात येत नाही.

*

शेवटी घेतला तो असा: पासष्ट टक्के, अडुसष्ट बटणं, हॉट-स्वॅप, वायरचा, लाईट फक्त पांढरा. वर सायलेंट लिनिअरचं सत्तरचं पाकीट. स्टॅबिलायझरच्या तारांना बारीक ब्रशने ग्रीस लावलं. स्पेसबार आतून पोकळ असतो, त्यात फोमची पट्टी बसवली की आवाज भरीव होतो असं वाचलं होतं. आईकडे ब्लाऊजच्या पॅडिंगचा फोम पडलेला. तिने टेपने माप घेतलं, खडूने खूण केली आणि एका कात्रीत पट्टी कापून दिली. मिलीमीटरची चूक नाही.

कॅप्स लॉकवर मी एफएन बसवलं, इनस्क्रिप्टमध्ये कॅप्स लॉक लागत नाही. ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलायची विंडोजची सोय बंद केली, नाहीतर भर लढाईत चॅट मराठीत जायचं आणि टीमला नुसत्या मात्रा दिसायच्या. बटणांवर देवनागरी छापलेली नाही. लागत नाही. एफ आणि जे वर उंचवटे आहेत, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि 'र'. तिथून बाकीचं सगळं सापडतं.

तुम्ही असा कीबोर्ड घ्यायला निघाला असाल तर माझं मॉडेल विचारू नका, तुमच्या कामाला ते बसेलच असं नाही. अकाउंटचं काम असेल तर आकड्यांचा ठोकळा काढू नका, माऊसची जागा गेली तरी चालेल. माइनक्राफ्ट खेळत असाल तर एफ-थ्री किती वेळा लागतं ते आठवा आणि पंच्याहत्तर टक्के बघा. मराठी फोनेटिक लिहीत असाल तर उजव्या शिफ्टचं प्रकरण तुम्हाला इतकं लागू नाही. एक दिवस कागद शेजारी ठेवा आणि हात कुठे कुठे जातो ते लिहा. कीबोर्डवर काय असायला हवं हे कंपन्या सांगतात. काय नसलं तरी चालेल, हे फक्त तुमच्या हाताला माहीत असतं.

बाबा आता गाढ झोपतात, निदान माझ्यामुळे तरी उठत नाहीत. तक्रार आहे ती आईची. पूर्वी तिला स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळायचं. एकसारखी टकटक म्हणजे काम, थांबून थांबून जोरात आपटणं म्हणजे गेम. त्यावर चहा करायचा की रागवायचं ते ती ठरवायची. परवा दाराशी येऊन उभी राहिली, माझ्या हातांकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"तू नेमकं करतेस तरी काय गं?"